ऑर्कुटच्या भिंतीवर लिहिलेलं कुठे गेलं?

हा आजच्या भागाचा लिखित पाठ. ज्यांचा इअरफोन हरवलाय, बसमध्ये आवाज फार आहे किंवा समोर सर शिकवतायत, त्यांच्यासाठी खास.

आजचा विषय आहे ऑर्कुट. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे नाव फक्त मीममध्ये वाचलं असेल. घरातल्या मोठ्या ताईला किंवा धाकट्या मावशीला विचारून बघा, आधी हसेल आणि मग विषय बदलेल. २४ जानेवारी २००४ ते ३० सप्टेंबर २०१४ एवढं ऑर्कुटचं आयुष्य, म्हणजे साधारण साडेदहा वर्षं. थोरल्या माधवरावांची पेशवाईसुद्धा अकरा-साडेअकरा वर्षांचीच होती. पण त्या काळात कोणी कोणाला काय लिहिलं, कोण कोणावर रुसलं होतं, कोणाचे पैसे थकले होते, हे आपण आज वाचू शकतो. कागद राहिले म्हणून. २००७ साली महाराष्ट्रातली कॉलेजची मुलं एकमेकांना काय लिहीत होती, ते मात्र जवळजवळ गेलं. हे कसं झालं, ते आज बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

सोशल नेटवर्किंग ऑर्कुटनं सुरू केलेलं नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये 'सिक्सडिग्रीज' नावाची साइट आली. तिथे स्वतःचं प्रोफाइल करायचं आणि मित्रांची यादी लावायची. कल्पना चांगली होती, पण तेव्हा मित्रच ऑनलाइन नव्हते, त्यामुळे काही वर्षांत ती बंद पडली. मग 'फ्रेंडस्टर' आली, २००३ मध्ये 'मायस्पेस' आली. २००४ च्या फेब्रुवारीत हार्वर्डच्या वसतिगृहात फेसबुक सुरू झालं, पण ते पहिली अडीच वर्षं सर्वांसाठी खुलं नव्हतं.

त्याच्या काही दिवस आधी गूगलमधल्या एका तुर्की इंजिनिअरनं आपल्या नावाची साइट काढली. ऑर्कुट ब्युयुककोक्टेन हे त्याचं नाव. गूगलमध्ये तेव्हा कामाचा काही वेळ स्वतःच्या आवडीच्या प्रकल्पाला देता यायचा, त्यातून हे जन्मलं. सुरुवातीला आत जायचं तर आधीच्या सभासदाचं आमंत्रण लागायचं. लग्नासारखंच, पत्रिका नसेल तर जेवण नाही! गंमत म्हणजे जिथे साइट तयार झाली त्या अमेरिकेत ती फारशी रुजलीच नाही. रुजली ती ब्राझीलमध्ये आणि आपल्याकडे. इतकी, की २००८ मध्ये गूगलनं ऑर्कुटचा सगळा कारभार ब्राझीलच्या बेलो होरिझोंते शहरात हलवला.

पंधरा रुपये तास

मी २००६ मध्ये सांगलीत शिकत होते. आमच्या हॉस्टेलवर एकीकडेही कॉम्प्युटर नव्हता. मोबाइल होता तो फोन करायला, आणि खरं तर मिस कॉल द्यायला. इंटरनेट म्हणजे सायबर कॅफे. पंधरा रुपये तास, आणि दारात वही, तिच्यात नाव आणि वेळ लिहायची. प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकाला पडदा. तो काळ भारनियमनाचा. मुंबई सोडली तर महाराष्ट्रात रोज कित्येक तास वीज जायची. त्यामुळे ज्या कॅफेत इन्व्हर्टर चांगला, तिथे गर्दी जास्त.

हे सगळं सांगायचं कारण असं की ऑर्कुटवर आम्ही 'राहत' नव्हतो. तिथे जाऊन यायचो, आठवड्यातून दोनदा, घड्याळ लावून. शेजारच्या मुलीला खुर्चीत ओढून घ्यायचं, म्हणजे एकीच्या पैशात दोघींचं काम. आधी आपलं स्क्रॅपबुक वाचायचं, मग उत्तरं द्यायची, आणि उरलेल्या दहा मिनिटांत लोकांच्या भिंती चाळायच्या. पान उघडलं नाही तर इंग्रजीत एक संदेश यायचा, 'बॅड, बॅड सर्व्हर. नो डोनट फॉर यू.' डोनट म्हणजे काय हे आमच्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं, पण ते आपल्याला मिळणार नाही एवढं कळायचं.

भिंतीला कान, भिंतीला डोळे

आता मुख्य मुद्दा. ऑर्कुटवर संदेशाला 'स्क्रॅप' म्हणायचे. तुम्ही माझ्या स्क्रॅपबुकात लिहायचं, आणि मी उत्तर तुमच्या स्क्रॅपबुकात जाऊन द्यायचं. म्हणजे एका संवादाचे दोन तुकडे, दोन वेगळ्या भिंतींवर. आणि सुरुवातीची काही वर्षं या भिंती सगळ्यांना खुल्या होत्या. ज्याला दोघांचं काय चाललंय हे बघायचंय, त्यानं दोन पानं उघडायची आणि जोडून वाचायचं. आपल्याकडे म्हणतात भिंतीला कान असतात. इथे डोळेही होते.

या व्यवस्थेला मुलामुलींनी आपापले उपाय शोधले. काही जणी स्क्रॅप वाचला की लगेच पुसून टाकायच्या. भिंत कायम कोरी! काही जण मराठी रोमन अक्षरांत असं मोडून-तोडून लिहायचे की बाहेरच्याला अर्थच लागू नये. पण सगळ्यात हुशार युक्ती टेस्टिमोनियलची.

टेस्टिमोनियल म्हणजे मित्रानं तुमच्याबद्दल लिहिलेलं प्रशस्तिपत्रक. 'ही माझी जिवलग मैत्रीण, मनानं फार चांगली, परीक्षेत नोट्स देते,' वगैरे. हॉस्टेलवर याची सरळ देवाणघेवाण चालायची. तू माझं लिही, मी तुझं लिहिते. पण त्यात एक नियम होता. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यानं स्वीकारल्याशिवाय ते कोणालाच दिसायचं नाही. झालं! मुलांनी तेवढी फट बरोबर हेरली. प्रेमाची कबुली, भांडणाची माफी, घरातली अडचण, असं जे चारचौघांत लिहिता येत नाही ते टेस्टिमोनियलमध्ये लिहायचं, आणि वर पहिलीच ओळ: 'अ‍ॅक्सेप्ट करू नकोस.' हीच युक्ती ब्राझीलच्या मुलांनीही शोधली होती, त्यांच्या भाषेत.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. 'आजच्या मुलांना प्रायव्हसीची पर्वा नाही' हे वाक्य तेव्हाही ऐकू यायचं, आजही येतं. पण पर्वा होती म्हणूनच मुलांनी प्रशस्तिपत्रकाचं गुप्त पाकीट केलं. कंपनीनं दिलेल्या घराला दार नव्हतं, तर त्यांनी चादर बांधून आडोसा केला.

फोटोच्या जागी फूल

मुलींचा अनुभव थोडा वेगळा होता. प्रोफाइलवर स्वतःचा फोटो लावायचा की नाही, हा हॉस्टेलवर गंभीर चर्चेचा विषय असायचा. बहुतेकींच्या जागी फूल, टेडी बेअर, गोड बाळ किंवा एखादी नटी. कारण फोटो लावला की अनोळखी मुलांचे 'फ्रेंडशिप करणार का' असे स्क्रॅप रांगेनं यायचे. शिवाय मित्रांना गुण देण्याची सोय होती. विश्वासू असेल तर हसरा चेहरा, कूल असेल तर बर्फाचे खडे, आणि सेक्सी असेल तर बदाम. वर्गातल्या मुलीला कोणी किती बदाम दिले याचा हिशेब मुलांच्या हॉस्टेलवर होत असणार, हे आम्हाला इकडे कळायचंच.

पुढे एक सोय आली. तुमचं प्रोफाइल नुकतंच कोणी पाहिलं ते दिसायला लागलं. आणि एकदम शांतता! जे रोज येऊन जायचे ते गायब. बघणाऱ्याला 'आपणही दिसतोय' हे कळल्यावर माणसं किती सभ्य होतात, याचा एवढा झटपट धडा मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

खेळ गंभीर होतो

२००६-०७ मध्ये महाराष्ट्रात ऑर्कुटचं नाव बातम्यांत यायला लागलं, आणि ते चांगल्या कारणानं नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल ऑर्कुटवर कोणीतरी आक्षेपार्ह मजकूर टाकला आणि पुण्यात तणाव झाला. ऑर्कुटवरच्या मजकुराचा राग काही ठिकाणी थेट सायबर कॅफेंवर निघाला.

या प्रकरणातली पुढची गोष्ट प्रत्येक फोनवाल्यानं लक्षात ठेवावी अशी आहे. मजकूर टाकणाऱ्याचा शोध घेताना पोलिसांना आयपी क्रमांक मिळाला. म्हणजे इंटरनेटच्या जोडणीला त्या वेळी मिळालेला नंबर. तो नंबर कोणाचा, हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं सांगायचं. कंपनीनं माहिती चुकीची दिली. त्या माहितीवरून ऑगस्ट २००७ मध्ये पुणे पोलिसांनी बंगळूरमधल्या एका इंजिनिअरला अटक केली. त्याचा काहीही संबंध नव्हता. तो सुमारे पन्नास दिवस तुरुंगात होता.

आमच्यासारख्यांना तोवर वाटायचं की फुलाचा फोटो लावला की आपण लपलो. तर तसं नव्हतं. बाहेरून फूल दिसायचं, पण आत प्रत्येकाचा एक नंबर नोंदला जात होता, आणि त्या नोंदीत गफलत झाली तर शिक्षा भलत्यालाच. हळूहळू कॅफेतल्या वहीसोबत ओळखपत्राची झेरॉक्स आली. २०११ मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेंसाठी नियमच केले. ओळखपत्र तपासा, नोंदी वर्षभर ठेवा, आणि कप्प्यांची भिंत साडेचार फुटांपेक्षा उंच नको. पडदे गेले.

मग सगळे कुठे गेले?

फेसबुकवर. सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांना खुलं झालं आणि त्याच महिन्यात त्यांनी 'न्यूज फीड' आणलं. फरक साधा आहे. ऑर्कुटवर तुम्हाला मित्राच्या दारी जावं लागायचं, फेसबुकवर सगळ्यांच्या घरच्या बातम्या तुमच्या दारी येऊन पडायला लागल्या. जायचे कष्ट संपले, आणि बघणाऱ्याचं नाव दिसणंही संपलं. जुलै २०१० मध्ये कॉमस्कोअर या कंपनीच्या मोजणीत भारतात फेसबुक ऑर्कुटच्या पुढे गेलं. यात थोडी ऐटही होती बरं का. 'अजून ऑर्कुटवरच आहेस?' हा प्रश्न 'अजून गावातच आहेस?' अशा सुरात विचारला जायचा.

३० जून २०१४ ला गूगलनं जाहीर केलं, तीन महिन्यांनी ऑर्कुट बंद. प्रोफाइल, स्क्रॅप, टेस्टिमोनियल, फोटो उतरवून घ्यायला सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. पण जुना ईमेल कोणाच्या लक्षात? पासवर्ड कोणाला आठवतोय? ज्यांनी उतरवलं, त्यांच्याही हातात आपल्याच भिंतीवरचं आलं. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं. आपण लिहिलेलं त्यांच्या भिंतीवर होतं. सार्वजनिक कम्युनिटींचा संग्रह काही काळ वाचता यायचा, २०१७ मध्ये तोही बंद झाला.

राजवाड्यांना काय सापडलं असतं?

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दप्तरं धुंडाळायचे. १८९८ मध्ये त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. नंतर लिहिलेल्या बखरींपेक्षा त्या-त्या दिवशी लिहिलेलं पत्र जास्त खरं, हा त्यांचा आग्रह. ती पत्रं लिहिणाऱ्यांना आपण इतिहास लिहितोय असं वाटलंही नव्हतं. कागदाला वाळवी लागली, काही रद्दीत गेलं, पण जे राहिलं ते कोणाच्या तरी माळ्यावर, कोणाच्या तरी ताब्यात होतं.

आमचे स्क्रॅप कोणाच्याच माळ्यावर नव्हते. 'उद्या सबमिशन आहे, जर्नल पाठव', 'लाइट गेली, नंतर बोलते', 'घरी स्थळं बघतायत, काय करू?' एका पिढीनं चारचौघांत लिहायला सुरुवात कशी केली, याचा हा पुरावा होता. आता आठवणी उरल्या, म्हणजे बखरी. माझ्या या भागासकट.

हां, सगळं टिकायलाच हवं असंही नाही. त्रास देणारे स्क्रॅप, कोणीतरी उचलून लावलेला फोटो, ते गेलं याचा कित्येक मुलींना आनंदच झाला असेल, आणि तो रास्त आहे. पण काय ठेवायचं आणि काय जाळायचं, हे ठरवणं पूर्वी घरच्यांच्या हातात होतं. इथे ते एका कंपनीनं, एका तारखेला, सगळ्यांसाठी एकदम ठरवलं. आपण तिथे भाडेकरू होतो, आणि तीन महिन्यांची नोटीस आली.

तुम्ही आज ज्या अ‍ॅपवर आहात तिथेही भाडेकरूच आहात. म्हणून आज एक छोटं काम करा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये आपली माहिती डाउनलोड करायची सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट एक्सपोर्ट करता येतं. आजीचे व्हॉइस मेसेज, पहिल्या नोकरीच्या दिवशीचा ग्रुप, गेलेल्या मित्राच्या गप्पा, जे जपावंसं वाटतं ते उतरवून आपल्याकडे ठेवा. जे नकोय ते स्वतःच्या हातानं पुसा. दोन्ही निर्णय तुमचे असू द्या.

ऑर्कुटवर तुमच्या ताईला कोणी 'अ‍ॅक्सेप्ट करू नकोस' असं लिहिलं होतं का, ते विचारून आम्हाला कळवा. नाव नको, किस्सा पुरे. भेटू पुढच्या भागात!