गाठ गरम की थंड? थायरॉईड स्कॅनला विचारलेला प्रश्न कसा बदलला

तेलगाव असो की मुंबई, गळ्याला गाठ दिसली की घरात पहिला प्रश्न एकच: कॅन्सर तर नाही ना? न्यूक्लिअर मेडिसिनच्या थायरॉईड स्कॅनकडेही बरीच वर्षं याच प्रश्नाचं उत्तर मागितलं गेलं. पण हा स्कॅन नेमकं काय मोजतो?

थायरॉईड ग्रंथी रक्तातलं आयोडीन ओढून घेते. ते किरणोत्सारी असेल तर कुठे साठलं हे बाहेरून मोजता येतं. आयोडीन-131 सापडलं 1938 मध्ये. 1950 च्या सुमारास अमेरिकेत बेनेडिक्ट कॅसन यांनी गळ्यावरून ओळीओळीने फिरत कागदावर ठिपके उमटवणारं यंत्र बनवलं. आयोडीन जास्त ओढणारी गाठ 'गरम', न ओढणारी 'थंड', ही भाषा अशा चित्रांतूनच रुळली.

आपल्याकडे ट्रॉम्बेची अप्सरा अणुभट्टी ऑगस्ट 1956 मध्ये सुरू झाली आणि 1963 मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. आयोडीन-131 चं अर्धायुष्य आठ दिवसांचं. नंतर आलेल्या टेक्नेशियम-99एमचं फक्त सहा तास, त्यामुळे रुग्णाला किरणांचा डोस कमी. ग्रंथी तेही ओढते, पण त्यापासून हार्मोन बनवत नाही. म्हणून क्वचित एखादी गाठ टेक्नेशियमवर गरम आणि आयोडीनवर थंड दिसते.

खरी गोम पुढे आहे. गरम गाठ सहसा कॅन्सरची नसते, हे ठीक. पण बहुतेक गाठी थंडच निघतात, आणि त्यातल्याही बहुतेक साध्या असतात. मग नुसतं 'थंड' म्हणून ऑपरेशन केलं तर अनेकांची ग्रंथी विनाकारण कापली जाणार. सोनोग्राफी आणि बारीक सुईने पेशी काढून तपासणं रुळलं, तसा स्कॅन मागे सरकला.

आज क्रम असा: आधी टीएसएच ही साधी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. टीएसएच कमी असेल तर स्कॅन. म्हणजे तेलगावच्या बहुतेक रुग्णांना स्कॅनसाठी मोठं शहर गाठायची गरजच नाही. आणि ज्यांचा स्कॅन होतो, त्यांच्याबाबत प्रश्न वेगळा असतो: जादा हार्मोन हीच गाठ बनवते का? याचं उत्तर स्कॅन चोख देतो.

प्रपोजलमध्ये पद्धत लिहिताना एवढं तपासा: तुमचं साधन जे मोजतं, तेच तुम्ही विचारताय ना?