चोरबाजारांतली पळी

मुंबईच्या चोरबाजारांत जुनीं पुस्तकें धुंडाळतांना मला एक लांकडी पळी मिळाली. दांडा हातभर लांब व जाळीच्या नक्षीनें कोरलेला; वाटी होडीसारखी निमुळती आणि इतकी पातळ कीं, दिव्यापुढें धरली तर उजेड पलीकडून पाझरतो. ती कशाची, हें विकणाऱ्यास ठाऊक नव्हतें. मीं मात्र घरीं येऊन ठासून सांगितलें कीं, ही होमांत तूप सोडण्याची पळी. जन्मभर शाळेंत शिकविल्यानें ठासून बोलण्याची खोड जडते ती अशी!

आमच्या घरांतून प्रश्न आला, "अहो, पण विस्तवाजवळ ही वाटी टिकेल का? आणि आमटीत घातली तर हा दांडा उचलेल तरी का?" माझी विद्वत्ता तेथेंच आटोपली. मीं नक्षी पाहिली होती, वापर पाहिला नव्हता. ही वस्तु थंड आणि पातळ पदार्थाचीच असली पाहिजे.

पुढें संग्रहालयांच्या चित्रांशीं ताडून पाहतां उलगडा झाला. इराणांत इस्फहानहून शिराझला जाणाऱ्या वाटेवर आबादे नांवाचें गांव आहे. तेथील कारागीर एकोणिसाव्या शतकांत नासपतीच्या लांकडाचे असे चमचे कोरीत. ते शरबताच्या मोठ्या कटोऱ्यांत ठेवीत आणि पाहुणे त्या वाटीनेंच शरबत पीत. दांडा पुष्कळदां निराळा करून वाटीस जोडीत. माझ्या चमच्याचा सांधा नखाला लागतो. इराणांतील तारायंत्र खात्याचे प्रमुख रॉबर्ट मर्डक स्मिथ यांनीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठीं इराणी कलावस्तु जमविल्या; त्यांचें प्रदर्शन १८७६ सालीं झालें. १८९९ पासून व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या त्या संग्रहालयांत असे चमचे आजही आहेत.

शिराझची वाट पुढें बुशेर बंदरास उतरते, आणि बुशेरचा मुंबईशीं व्यापार मोठा. माझा चमचा त्याच वाटेनें आला असावा. त्याचीं दोन्हीं नांवें तर त्याच्या किती तरी आधीं येथें पोहोंचलीं होतीं: 'शरबत' हा 'पिणें' या अर्थाच्या अरबी धातूपासून निघून फारसीमार्गें मराठींत आला, आणि 'चमचा'ही फारसीमार्गेंच.

गेल्या उन्हाळ्यांत त्यांतून सरबत पिऊन पाहिलें. कोकमाचा डाग पडेल म्हणून आमच्या घरच्या अधिकाऱ्यांनीं लिंबाच्याच सरबतास परवानगी दिली.