निर्दोष मुक्तता आणि अपूर्ण कथन : नानावटी व नियोगी खटले

वादग्रस्त निर्दोष मुक्ततेत न्यायालयीन कथन आणि लोककथन यांची फारकत होते. मात्र ती प्रत्येक वेळी एकाच बिंदूवर होत नाही. दोन खटल्यांच्या तुलनेतून हे स्पष्ट होते.

मुंबईतील १९५९ च्या खटल्यात नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्याच पिस्तुलातून गोळ्या सुटल्या, याविषयी वाद नव्हता. प्रश्न हेतूचा होता. ज्यूरीने त्यांना आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने घडविलेले लोकमतही त्यांच्याच बाजूचे होते. उच्च न्यायालयाने हा कौल अव्हेरून जन्मठेप दिली. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

नियोगी प्रकरणात क्रम उलटा आहे. रायपूरच्या भनपुरीसारख्या वसाहतींपासून भिलाईपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटी कामगारांचा प्रश्न तीव्र होता. त्यांचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत हत्या झाली. दुर्गच्या सत्र न्यायालयाने १९९७ मध्ये उद्योगपतींसह सहा जणांना दोषी ठरविले. १९९८ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सर्वांची मुक्तता केली. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकट्या पलटन मल्लाहला जन्मठेप दिली. जिवाला धोका असल्याचे सूचित करणारी नियोगींची रोजनिशी व ध्वनिफीत उपलब्ध असूनही कट सिद्ध झाला नाही.

नानावटी प्रकरणात कृत्य ज्ञात, हेतू विवाद्य. नियोगी प्रकरणात हात सापडला, प्रेरक अज्ञात राहिला. संशयाचा लाभ देऊन विधीची संहिता थांबते आणि ते उचितच आहे. श्रमिकांची स्मृती मात्र नेमकी त्या रिक्त जागेपासून बोलू लागते.