फळ आणि छाटणी : योहान १५:१-८ वरील भाष्य

हा उपदेश वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचा. भोजन झाले आहे, यहूदा इस्कर्योत अंधारात निघून गेला आहे आणि उरलेल्या अकरा जणांशी प्रभू बोलत आहे. ही वेळ विसरली, की ‘फळ’ म्हणजे यश हा अर्थ नकळत आत शिरतो.

वचन १. येशू स्वतःला खरा द्राक्षवेल म्हणतो आणि पित्याला माळी. शिष्यांना हा वेल परका नव्हता. ८०व्या स्तोत्रात मिसर देशातून आणून लावलेला वेल म्हणजे इस्राएल. यशयाच्या ५व्या अध्यायात त्याच मळ्याने रानद्राक्षे दिली. यरुशलेमच्या मंदिराच्या दारावर सोन्याचा वेल होता, असे यहूदी इतिहासकार योसेफस लिहितो. एका राष्ट्राकडून अपेक्षिलेले फळ आता एका व्यक्तीतून येणार आहे, हा या विधानाचा पल्ला.

वचन २. या उताऱ्याचा गाभा इथे आहे. न फळणारा फाटा काढून टाकला जातो; पण फळणाराही सुटत नाही, त्याची छाटणी होते. नाशिकच्या द्राक्षबागाईतदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर बाग उघडीबोडकी दिसते, एकही घड हाती लागत नाही. मात्र नंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत पुढचे घड तयार होऊ लागतात, आणि बाहेरून त्याचा मागमूस नसतो. ते दिसतात ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. आजारपण किंवा अपयश आले की “काय पाप घडले?” असे विचारणारे आपल्या मंडळ्यांत आजही आहेत. त्यांनी हे वचन सावकाश वाचावे : कात्री फळणाऱ्या फाट्यावर चालते. अर्थात प्रत्येक दुःख म्हणजे छाटणीच, असेही इथे म्हटलेले नाही. शोकाच्या घरी जाऊन तसे सांगणे क्रूरपणाचे आहे.

वचन ३. शिष्य ख्रिस्ताच्या वचनाने आधीच शुद्ध झाले आहेत. छाटणी हीही शुद्धीच; म्हणजे माळ्याच्या हातातले पहिले हत्यार वचन आहे, आपत्ती नव्हे.

वचने ४-५. फाट्याने वेलात राहायचे, एवढीच आज्ञा. माणूस स्वतःच्या बळावर चांगले करू शकतो, या पेलाजियसच्या मताविरुद्ध लढणाऱ्या संत ऑगस्टीनने इथे नेमके बोट ठेवले : माझ्यावाचून थोडेच कराल असे प्रभू म्हणाला नाही, काहीच करता येणार नाही असे म्हणाला. मला यासोबत गलतीकरांस पत्राचा ५वा अध्याय वाचावासा वाटतो. पौल तिथे प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण सांगतो; त्यांत वार्षिक अहवालात मांडता येईल असा एकही नाही. बाप्तिस्म्यांची संख्या आणि नव्या इमारती यांना फळ म्हणण्याची आपली सवय या दोन उताऱ्यांपुढे टिकत नाही.

वचन ६. वाळलेले फाटे अग्नीत टाकले जातात. यहेज्केल १५ सांगतो, की वेलाच्या लाकडाची साधी खुंटीही होत नाही. फळाखेरीज त्याचा दुसरा उपयोगच नाही. कॅल्विनच्या परंपरेत हा फाटा नावापुरता शिष्य मानतात. वेस्लीच्या परंपरेत खरा विश्वासीही तुटू शकतो असे मानतात. माझ्या मते निर्णायक गोष्ट ही, की यहूदा गेल्यावर हा इशारा राहिलेल्यांना दिला आहे. तो दुसऱ्याचा वाळलेला फाटा शोधण्यासाठी नाही.

वचन ७. मागाल ते मिळेल, हे खरे. पण ख्रिस्ताची वचने ज्याच्यात मुरली आहेत, त्याच्या मागण्याही बदललेल्या असतात.

वचन ८. पुष्कळ फळाने पित्याचे गौरव होते आणि शिष्यपण सिद्ध होते. ‘पुष्कळ’ किती, हे इथे सांगितलेले नाही. १२व्या आणि १३व्या वचनांत माप येते : ख्रिस्ताने केली तशी प्रीती, मित्रांसाठी प्राण देण्यापर्यंतची. बोलणारा दुसऱ्या दिवशी तेच करणार होता.