गोंदूर ते केवडिया : सुताराच्या घरातला मुलगा झाला देशाचा शिल्पकार

नाशिक : मुंबई-आग्रा महामार्गानं धुळ्यात पोहोचलं की शहराजवळच गोंदूर हे गाव लागतं. धुळ्याचं विमानतळ याच गावाजवळ आहे. पण गोंदूरचं नाव देशभर गेलं ते राम वनजी सुतार यांच्यामुळे. गुजरातमध्ये नर्मदेकाठी उभा असलेला सरदार वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंच पुतळा, म्हणजेच 'स्टॅच्यू ऑफ युनिटी', त्यांच्याच हातच्या नमुन्यावरून घडला.

गावात जन्म, मुंबईत शिक्षण

राम सुतार यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९२५ रोजी झाला. घरची परिस्थिती बेताची. सुतारकाम हा घरचाच धंदा, त्यामुळे हत्यारांची ओळख लहानपणीच झाली. मुलाच्या हातातली कला ओळखली ती श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी. त्यांच्याच प्रोत्साहनामुळे सुतार मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात दाखल झाले. तिथं १९५३ मध्ये त्यांनी मानाचं मेयो सुवर्णपदक मिळवलं.

वेरूळच्या लेण्यांत चार वर्षं

१९५४ ते १९५८ या काळात त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. अजिंठा-वेरूळच्या लेण्यांमधील झिजलेल्या, तुटलेल्या मूर्तींच्या दुरुस्तीचं काम त्यांच्याकडे होतं. प्रचंड दगडातून घडवलेली शिल्पं रोज जवळून पाहायला मिळाली. पुढे दिल्लीत माहिती व प्रसारण मंत्रालयात थोडे दिवस नोकरी केली. १९५९ पासून मात्र सरकारी पगार सोडून स्वतंत्र काम सुरू केलं. पुतळ्यांची मागणी आजच्यासारखी नव्हती, त्या काळात हा निर्णय सोपा नव्हता.

चंबळच्या काठी पहिलं मोठं काम

मध्य प्रदेशातील गांधीसागर धरणावरचं चंबळ स्मारक हे त्यांचं गाजलेलं पहिलं मोठं काम. काँक्रीटच्या सलग ठोकळ्यातून कोरलेलं हे शिल्प ४५ फूट उंच आहे. चंबळ नदी आई आणि तिची दोन मुलं म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान, अशी ही कल्पना. दोन राज्यांनी मिळून वापरायच्या पाण्याची गोष्ट त्यांनी कुणालाही कळेल अशी सांगितली.

संसदेतले गांधीजी

महात्मा गांधी हा सुतार यांचा आयुष्यभराचा विषय. संसदेच्या आवारातला ध्यानस्थ बसलेल्या गांधीजींचा १६ फुटी कांस्य पुतळा त्यांचाच. १९९३ मध्ये त्याचं अनावरण झालं. खासदारांच्या आंदोलनाच्या बातमीत मागे दिसणारा हाच तो पुतळा. त्यांनी घडवलेले गांधीजींचे अर्धपुतळे भारतातर्फे अनेक देशांना भेट देण्यात आले.

१८२ मीटरचा पुतळा झाला कसा?

इतका मोठा पुतळा थेट कुणी घडवत नाही. सुतार यांनी आधी लहान नमुना केला, मग तो वाढवत ३० फुटांपर्यंत नेला. पटेलांची जुनी छायाचित्रं पाहून चेहरा, खांद्यावरची शाल, धोतराच्या चुण्या आणि पायातल्या चपला ठरल्या. त्यानंतर नमुन्याचं संगणकावर स्कॅनिंग झालं. आत काँक्रीटचे दोन उंच स्तंभ, त्याभोवती पोलादी सांगाडा आणि वरून कांस्याचे पत्रे, अशी रचना आहे. पत्र्यांचं ओतकाम चीनमध्ये झालं, बांधकाम लार्सन अँड टुब्रो कंपनीनं केलं.

खरी अडचण पायापाशी होती. पटेल चालताना दाखवायचे, अंगावर धोतर, म्हणजे पुतळा खाली निमुळता आणि वर रुंद. वाऱ्याचा जोर सोसायला आत प्रत्येकी २५० टनांची दोन वजनं बसवली आहेत. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी लोकार्पण झालं, तेव्हा सुतार यांचं वय होतं ९३.

मालवण आणि शंभरी

२६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. उभारून नऊ महिनेही झाले नव्हते. राज्यभर संताप उसळला. नव्या पुतळ्याचं काम सुतार यांच्या संस्थेकडे आलं. ६० फूट उंचीचा हा पुतळा ११ मे २०२५ रोजी खुला झाला. योगायोग असा, की सुतार यांची जन्मतारीख म्हणजे तारखेनुसार शिवजयंतीचाच दिवस.

मालवणच्या घटनेनं गावोगावच्या पुतळा समित्यांनाही विचार करायला लावलं. महाराष्ट्रात पुतळा बसवण्याआधी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. पण नमुना देखणा असून भागत नाही. आतला सांगाडा, सांधे, पाया आणि वाऱ्याचा हिशेब पक्का नसेल तर उंची धोक्याची ठरते. सुतार यांची मोठी कामं उभी राहिली ती शिल्पकला आणि इंजिनिअरिंग दोन्ही सोबत चालल्यामुळे. त्यांचे पुत्र अनिल सुतार हे वास्तुविशारद आणि शिल्पकार असून अनेक कामांत ते वडिलांच्या बरोबरीनं होते.

इतर प्रमुख कामं

• अमृतसर : महाराजा रणजितसिंह यांचा अश्वारूढ पुतळा
• कुरुक्षेत्र : श्रीकृष्ण-अर्जुन रथ
• पाटणा, गांधी मैदान : महात्मा गांधी
• बंगळुरू विमानतळ : केंपेगौडा, १०८ फूट (२०२२)
• हैदराबाद : डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १२५ फूट (२०२३)
• अयोध्या, लता मंगेशकर चौक : ४० फुटी वीणा (२०२२)

मुंबईत इंदू मिलच्या जागेवर होणाऱ्या डॉ. आंबेडकरांच्या ३५० फुटी पुतळ्याचं कामही सुतार यांच्याकडेच आलं.

सन्मान

पद्मश्री (१९९९), पद्मभूषण (२०१६) आणि टागोर सांस्कृतिक सौहार्द पुरस्कार त्यांना मिळाले. २०२४ चा 'महाराष्ट्र भूषण' मार्च २०२५ मध्ये जाहीर झाला, तेव्हा त्यांनी नुकतीच शंभरी ओलांडली होती. १७ डिसेंबर २०२५ च्या रात्री नोएडा येथील राहत्या घरी त्यांचं निधन झालं. गोंदूरच्या सुताराच्या घरातून निघालेल्या या माणसानं आयुष्याची जवळपास सत्तर वर्षं हातातलं काम खाली ठेवलं नाही.