येणाऱ्यांचं गाव आणि राहणाऱ्यांचं गाव : कारंजा लाडच्या आठवणींचा इतिहास

आजचा विषय आम्ही थोडा आडवळणाने सुरू करणार आहोत. इंटरनेटवर नुसतं 'कारंजा' असं शोधलं, तर पुष्कळदा उरणजवळचं कारंजा समोर येतं. तिथे बंदर आहे, खाडी आहे, मासळी आहे. आमचं कारंजा हवं असेल तर पुढे 'लाड' लावावं लागतं. वाशीम जिल्ह्यातलं हे गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे.

तरीही समुद्रकाठच्या गावांशी आमचं एक नातं आहे असं आम्हाला वाटतं. गणपतीपुळे घ्या, मालवण घ्या, मुरुड घ्या. बाहेरून येणाऱ्या माणसांवर चालणारी ही गावं. हंगाम आला की भरती, हंगाम सरला की ओहोटी. तिथल्या लोकांची तक्रार साधारण सारखीच असते : पाहुण्यांना किनारा दिसतो, गाव दिसत नाही. आमच्याकडे समुद्र नाही, पण माणसांची भरती-ओहोटी शतकानुशतकं चालू आहे. म्हणून आजचा प्रश्न असा : जे गाव नेहमी दुसऱ्यांच्या येण्याजाण्यावर जगलं, त्या गावाची स्वतःची आठवण कोण सांभाळतं?

सुरुवात नावापासून करू. कारंजा हे नाव करंज ऋषींवरून आलं, अशी आख्यायिका आहे. ऋषींना असाध्य रोग जडला, त्यांनी अंबेची आराधना केली, देवीने तळं निर्माण केलं, त्यात स्नान करून ते बरे झाले. आमचा ऋषी तलाव तो हाच, असं गाव मानतं. इंग्रजांनी गॅझेटियर लिहिलं तेव्हा त्यातही ही कथा नोंदवली. दुसरा शब्द 'लाड'. लाड म्हणजे लाट देशाकडून, म्हणजे आजच्या दक्षिण गुजरातेकडून आलेले व्यापारी. आणि तिसरं नाव आता फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी उरलंय, ते म्हणजे 'बीबीचं कारंजा'. अहमदनगरच्या निजामशाही घराण्यातल्या एका बीबीला हे गाव आंदण मिळालं, अशी त्यामागची समजूत.

या तीन नावांत एक गोष्ट समान आहे, बघा. ऋषी बरे व्हायला आले, लाड व्यापाराला आले, बीबीकडे गाव आंदणात गेलं. तिन्ही नावं बाहेरून आलेल्या माणसांची आहेत.

वेशींचंही तेच. गावाला तट होता आणि चार वेशी : दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. वेशीला नाव दिलं जातं ते रस्ता कुठे जातो त्याचं. म्हणजे इथल्या माणसाला गावाची दिशा उत्तर-दक्षिण अशी कळत नव्हती, माल कुठे जातो यावरून कळत होती. एका वेशीतून शेजारचं पोहा आणि एका वेशीतून थेट दिल्ली! एवढ्याशा गावाच्या डोळ्यांपुढे नकाशा केवढा मोठा होता, हे या चार नावांत दिसतं.

आता 1670 साल. हा भाग आमच्याकडे जरा दबक्या आवाजात सांगितला जातो. त्या वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली. परतताना वणी-दिंडोरीजवळ मोगलांशी मोठी लढाई झाली. त्यानंतर महाराजांच्या फौजा बागलाण, खानदेश ओलांडून वऱ्हाडात उतरल्या आणि वर्ष संपायच्या सुमारास कारंजा लुटलं गेलं. जदुनाथ सरकारांनी जुन्या साधनांच्या आधारे दिलेलं वर्णन असं की, उंची कापड, सोनं, चांदी मिळून एक कोट रुपयांची लूट 4,000 बैल आणि गाढवांवर लादून नेली. गावातले धनिक खंडणीसाठी धरून नेले. एक सगळ्यात मोठा सावकार मात्र बायकी वेश करून निसटला.

हा प्रसंग कसा वाचायचा? महाराज आपले, आणि लुटलं गेलेलं गावही आपलं. म्हणून बरेच लोक एक तर प्रसंगच गाळतात, नाहीतर लुटीच्या आकड्यावर अभिमान सांगून मोकळे होतात. आम्हाला वाटतं, दोन्हीची गरज नाही. त्या काळी कारंजा मोगली मुलुखात होतं. तिथली संपत्ती म्हणजे मोगलांच्या वसुलीचा एक झरा, आणि तो अडवणं हे युद्धाचंच अंग होतं. हे राजकारण झालं. पण सावकाराच्या त्या वेशांतराचा तपशील नीट बघा. बायकी वेशात माणूस सुटू शकतो, असं त्या सावकाराला का वाटलं असेल? कारण बायकांना हात लावायचा नाही, ही महाराजांच्या फौजेची शिस्त लुटल्या जाणाऱ्यालाही ठाऊक होती. जो लुटला जातोय त्याच्या वागण्यातून मिळालेली ही साक्ष आहे. दरबारी स्तुतीपेक्षा ती आम्हाला जास्त वजनदार वाटते.

आणि गावाच्या बाजूने काय उरलं? उरली ती 'कस्तुरीची हवेली'. कस्तुरी लादलेले उंट कारंज्याला आले, गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा एका सावकाराने सगळी कस्तुरी विकत घेतली आणि बांधकामाच्या चुन्यात कालवून टाकली, अशी ती गोष्ट. खरी-खोटी बाजूला ठेवा. बखरकार लुटीचे बैल मोजतो, गाव मात्र चुन्यातला वास आठवतं. एकाच श्रीमंतीच्या या दोन आठवणी आहेत. एक नेणाऱ्याची, एक राहणाऱ्याची.

आता दुसऱ्या प्रकारच्या संपत्तीकडे येऊ. तिला बैल लागले नाहीत आणि ती कुणी लुटलीही नाही. कारंजा हे दिगंबर जैनांचं जुनं केंद्र. काष्ठासंघ, सेनगण आणि बलात्कारगण या तिन्ही परंपरांची मंदिरं इथे आहेत, भट्टारकांच्या गाद्या इथे होत्या. मंदिरांबरोबर शास्त्रभांडारं आली. संस्कृत, प्राकृत, अपभ्रंशातल्या पोथ्या कापडी बासनांत बांधून, लाकडी पेट्यांत ठेवून पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या.

1926 मध्ये रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली आणि अभ्यासकांचं लक्ष कारंज्याकडे वळलं. पुढे कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली. दहाव्या शतकातला महाकवी पुष्पदंत याचं 'जसहरचरिउ' प. ल. वैद्यांनी 1931 साली संपादित केलं. अमरावतीला प्राध्यापक असलेल्या डॉ. हिरालाल जैन यांनी 'णायकुमारचरिउ', 'करकंडचरिउ', 'पाहुडदोहा' अशी पुस्तकं त्याच सुमारास एकामागून एक बाहेर काढली. मराठी, हिंदी, गुजराती या भाषा कशा घडल्या हे समजून घ्यायचं तर अपभ्रंश लागतेच. तिच्या अभ्यासाला लागलेला मोठा ऐवज आमच्या गावच्या पेट्यांतून निघाला.

इथे आम्हाला एका गोष्टीकडे लक्ष वेधायचंय. पुस्तकावर संपादकाचं नाव येतं, आणि ते यायलाच हवं. पण बासन दरवर्षी उन्हात घालणाऱ्या, वाळवी बघणाऱ्या, पुन्हा गाठ मारणाऱ्या माणसाला आतली भाषा बहुधा वाचताही येत नव्हती. आपल्याला न कळणारी गोष्ट पुढच्यासाठी नीट ठेवायची, हे काम राहणाऱ्यांनी केलं. येणाऱ्या विद्वानाला ती वाचता आली, कारण कुणीतरी ती ठेवली होती.

आता गुरुमंदिर. आज बाहेरगावचा माणूस कारंज्याला येतो तो मुख्यतः यासाठी. श्रीनृसिंहसरस्वतींचा जन्म चौदाव्या शतकात इथे झाला. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात माधव आणि अंबा या दांपत्याच्या घरची ती कथा आहे. मुंज झाली, आईला आणखी पुत्र होतील असं आश्वासन दिलं, जुळे भाऊ झाले आणि हा मुलगा घर सोडून काशीला गेला. पुढचं जीवन गेलं ते औदुंबर, नरसोबाची वाडी, गाणगापूर इथे. पण मध्ये, संन्यासी झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ते एकदा कारंज्याला परत आले, आईवडिलांना भेटले, भावंडांना भेटले आणि पुढे निघाले. म्हणजे आमच्या गावचा सगळ्यात मोठा मुलगाही गावात पाहुणा म्हणूनच परतला!

वाडी आणि गाणगापूर ही क्षेत्रं जुनी, कारण तिथे स्वामींचं वास्तव्य घडलं. कारंजा मात्र क्षेत्र म्हणून उभं राहिलं ते विसाव्या शतकात. टेंबे स्वामी म्हणजे वासुदेवानंद सरस्वती, मूळचे सिंधुदुर्गातल्या माणगावचे. जन्मस्थानाचा शोध त्यांच्यामुळे लागला, असं परंपरा सांगते. पुढे ब्रह्मानंद सरस्वती म्हणजे लीलादत्त यांनी मंदिर उभं केलं आणि 1934 साली पादुकांची स्थापना झाली. पोथीतलं गाव आणि जमिनीवरचं गाव यांच्यात साडेपाचशे वर्षांचं अंतर होतं. ते अंतर एका कोकणी संन्याशामुळे मिटलं. बाहेरून आलेल्या माणसाने गावाला त्याचीच आठवण परत करून दिली, असंही घडतं. म्हणून आम्ही पाहुण्यांविरुद्ध बोलत नाही, हे लक्षात घ्या.

हे भाविक पूर्वी यायचे कसे? मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि शकुंतला पकडायची. अचलपूर ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते यवतमाळ, अशी साधारण 190 किलोमीटरची ही नॅरोगेज. दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. किलिक निक्सन कंपनीने ती घातली वऱ्हाडचा कापूस मुंबईला आणि पुढे मँचेस्टरकडे जावा म्हणून. गंमत म्हणजे तिचं इंजिनही मँचेस्टरलाच 1921 साली तयार झालेलं. 1923 पासून एप्रिल 1994 पर्यंत ते धावलं, मग डिझेल इंजिन आलं. हेतू कापसाचा, पण आमच्या आठवणी माणसांच्या आहेत : शाळा-कॉलेजची पोरं, माहेराला जाणाऱ्या बाया, भाजीच्या टोपल्या, आणि गुरुपौर्णिमेला दारापर्यंत लोंबकळलेली गर्दी. आता गाडी बंद आहे. रूळ मोठे करा, ही मागणी वर्षानुवर्षं चालू आहे.

गाडी गेली आणि मोठा रस्ता आला. 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला. तो आमच्या गावाजवळून जातो, वर-खाली व्हायला जागाही आहे. गावाच्या दुसऱ्या अंगाला कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, अवघं 18.32 चौरस किलोमीटरचं. काळविटांसाठी ते राखलेलं आहे आणि वेगवान रस्त्यांच्या शेजारात त्या काळविटांचं काय, ही काळजीही गावाचीच आहे.

वेग वाढला याचा आनंद आम्हालाही आहे. आजाऱ्याला नागपूरला लवकर नेता येतं, ही काही लहान गोष्ट नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने एक बदल झालाय. शकुंतलेने आलेला भाविक मुक्काम करायचा, कारण परतीची गाडी दुसऱ्या दिवशी. मुक्काम केला की बाजारात फिरायचा, तलावावर जायचा, वेस बघायचा, कुणाच्या ओट्यावर बसायचा. आजचा भाविक दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि तासा-दोन तासांत गाडी पुन्हा महामार्गाला लागते. समुद्रकाठच्या गावात जसा फक्त किनारा उरतो, तसं इथे फक्त गुरुमंदिर उरतं. जैन मंदिरं, शास्त्रभांडारं, दर्गे, हवेल्या, तलाव आणि वेशी हळूहळू नजरेआड होतात. आणि पाहुण्यांच्या नजरेआड झालेली गोष्ट काही वर्षांनी गावाच्याही नजरेआड होते, ही खरी भीती आहे. वेशीचा दगड निखळला तर कुणी विचारत नाही, कारण ती वेस बघायला कुणी आलेलंच नसतं.

कचेरीच्या पातळीवरही आमच्या आठवणी विखुरलेल्या आहेत. 1905 पर्यंत मूर्तिजापूर तालुका अमरावती जिल्ह्यात, नंतर अकोल्यात, आणि 1 जुलै 1998 पासून आम्ही वाशीम जिल्ह्यात. म्हणजे गावाचा कागद शोधायचा तर तीन जिल्ह्यांचं दप्तर बघावं लागतं. हे काम बाहेरचा पाहुणा करणार नाही. ते राहणाऱ्यालाच करावं लागेल.

तेव्हा शेवटी ऐकणाऱ्यांना, विशेषतः कारंज्याच्या आणि कारंज्याहून पुण्या-मुंबईला गेलेल्या मंडळींना, तीन साध्या गोष्टी सुचवतो. एक, घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसाजवळ बसा आणि शकुंतलेचा एक प्रवास त्यांच्या शब्दांत मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा : तिकीट, डबा, बरोबर कोण होतं, सगळं. दोन, आपल्या गल्लीचं जुनं नाव आणि ते का पडलं, एवढं लिहून काढा. सरकारी पाटीवर नवं नाव आलं की जुनं एका पिढीत पुसलं जातं. तीन, गावात पाहुणा आला तर त्याला दर्शनानंतर एका तरी वेशीपर्यंत पायी न्या, आणि स्वतःही आजवर ज्या मंदिरात किंवा दर्ग्यात पाऊल टाकलं नसेल तिथे एकदा जाऊन या. आपल्याच गावात आपण पाहुण्यासारखे राहतो, हे तेव्हा कळतं.

पोथ्या जपणाऱ्यांना भाषा येत नव्हती, तरी त्यांनी बासन सोडलं नाही. आपल्याला तर भाषाही येते. आता प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि ज्यांच्याकडे तटाचे, वेशींचे किंवा स्टेशनचे जुने फोटो आहेत त्यांनी जाण्याआधी आम्हाला भेटा.