मानसोल्लासांतील मत्स्यपाक आणि मांजरा-तेरणेचा काठ

मराठी भाषेच्या प्राचीनत्वाचा प्रश्न निघाला कीं, संशोधकांस मानसोल्लासाची आठवण होते. शके १०५१ (इ. स. ११२९) च्या या संस्कृत ग्रंथांत मराठी पद्यें आलीं आहेत, आणि कांडणाच्या वेळीं महाराष्ट्रांतील स्त्रिया ओवी गातात असा उल्लेखही आहे. तेवढें टिपून घेऊन बहुतेक वाचक ग्रंथ मिटतात. परंतु पाण्याकाठीं मासा कसा धरावा व धरलेला मासा कसा शिजवावा, हेंही त्याच ग्रंथांत शास्त्र म्हणून सांगितलें आहे. या भागाचा विचार औसें-लातूरकडील अभ्यासकांनीं अवश्य करावा. कारण ग्रंथकार आमच्याच प्रांताचा धनी होता.

ग्रंथकार म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ऊर्फ भूलोकमल्ल. सहाव्या विक्रमादित्याचा हा पुत्र इ. स. ११२६ च्या सुमारास गादीवर आला. त्याची राजधानी म्हणजे हल्लींचें बसवकल्याण. तें औशाहून दोन-तीन मजलांवर आहे. लातूरच्या पापविनाश देवालयांतील शिलालेखांतही याच राजाचें नांव येतें. ग्रंथाच्या पांच विंशति व शंभर अध्याय आहेत. अन्नभोग तिसऱ्या विंशतींत, तर मत्स्यविनोद चौथ्या विंशतींत आहे. पांचव्या विंशतींत डोंगर, वन, पाणी, हिरवळ, वाळवंट, चांदणें आणि पिकें यांतील क्रीडा वर्णिल्या आहेत. वाडा सोडून उघड्यावर रमणें हा राजाच्या दिनक्रमाचा मान्य भाग होता, हें यावरून उघड होतें. श्रीगोंदेकरांनीं संपादिलेला हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत १९२५, १९३९ व १९६१ या सालीं तीन भागांत निघाला.

मत्स्यविनोदांत माशांचे खवल्यांचे व बिनखवल्यांचे, समुद्रांतले व नद्यांतले असे वर्ग पाडले आहेत. कोणत्या माशास कोणतें खाद्य रुचतें, गळ कसा असावा, दोरी व काठी कशी असावी, हेंही दिलें आहे. प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ मध्यें एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या अध्यायाचा परामर्श घेतला. असलें ज्ञान सिंहासनावर बसून होत नाहीं. तें ज्यांच्या पिढ्या पाण्यांत गेल्या त्या भोयांच्या व कोळ्यांच्या तोंडून राजानें मिळविलें असावें, असें आमचें मत आहे.

आतां पाकाकडे वळूं. माशाचे खवले काढून तुकडे करावेत, दर्प जावा म्हणून तेल व मीठ चोळावें, हळदीच्या पाण्यानें धुवावें. चिंचेचा कोळ लावावा, गव्हाचें पीठ भुरभुरावें, तेलांत तांबूस होईतों तळावें, वरून सैंधव, वेलची व मिरीं यांची पूड घालावी, असा अन्नभोगांतील क्रमाचा सारांश आहे. यांत मिरची नाहीं, व असणेंही शक्य नव्हतें. ती पोर्तुगीजांच्या आगमनानंतर अमेरिकेंतून या देशीं आली.

या सामग्रींत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मासा सोडला तर दुसरा एकही जिन्नस नासणारा नाहीं. मीठ, हळद, चिंच, पीठ, मिरीं हीं गांठोड्यांत बांधून व तेल बुधल्यांत भरून कोठेंही नेतां येतें. कढई आणि सरपण मिळालें कीं काम भागतें. दख्खनच्या उन्हांत धरलेला मासा फार वेळ टिकत नाहीं. सबब मुक्कामावर, नदीच्या कांठींच तो तळला जात असला पाहिजे. मत्स्यविनोद व अन्नभोग हे अध्याय निरनिराळ्या विंशतींत पडले असल्यामुळें हा आमचा तर्क आहे. परंतु पाककृति स्वतःच त्यास साक्ष देते. मासा हें कोंकणचेंच अन्न, देशावर त्याची परंपरा नाहीं, हा समज मात्र या ग्रंथापुढें टिकत नाहीं.

खरी अडचण नांवांची आहे. ग्रंथांत 'रोहित' येतो. कोशकार त्यास बेधडक आजचा रोहू म्हणतील. परंतु रोहू हा मूळचा उत्तरेकडील गंगा-सिंधूच्या खोऱ्यांतला. दक्षिणेंतील नद्यांत तो मागाहून माणसांनीं आणून सोडला. मग कल्याणीच्या राजाचा रोहित कोणता? नांव जुन्या कोशांतून उचललें, कीं येथल्याच एखाद्या तांबूस माशास तें लावलें? इतर कित्येक नांवें तर संस्कृत कोशांत सांपडतच नाहींत. तीं देशी दिसतात. ज्यांच्या घरीं मासा शिजत नाहीं अशा लेखकांनीं पोथ्या उतरल्या असल्यास तेथें अक्षरें बिघडणें स्वाभाविक आहे. असा पाठ व्याकरणानें शुद्ध करूं जाणें धोक्याचें आहे. त्याचा निवाडा नदीकांठींच व्हावयास हवा.

आणि तो साक्षीदार झपाट्यानें नाहींसा होत आहे. मांजरेवर धनेगांवास व तेरणेवर माकणीस धरणें झालीं. जलाशयांत रोहू, कटला यांचें बीज सोडण्याची रीत पडली. २०१६ च्या दुष्काळांत तर लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. नदी आटली कीं मासा जातो, आणि मासा गेला कीं एका पिढींत त्याचें नांवही जातें. मरळ, वांब, शिवडा हीं नांवें अजून कानीं पडतात. त्यांहून विरळ नांवें फक्त वृद्ध भोयांच्या तोंडीं उरलीं असतील.

म्हणून संग्राहकांस आमची दोन विषयांत विनंति आहे. मानसोल्लासाची एखादी पोथी, किंवा तिचीं सुटीं पानें, आपल्या दप्तरांत असतील तर माशांच्या नांवांचे पाठभेद अक्षरशः उतरून मंडळाकडे धाडावेत. ओंगळ विषय म्हणून तीं पानें वगळूं नयेत. दुसरें, आपल्या गांवच्या भोयांकडून माशांचीं नांवें, रंग, खवले व शिजविण्याची रीत टिपून घ्यावी. औसें हें नाथसंस्थानाचें व वारकऱ्यांचें गांव. येथें अशी चौकशी करणाऱ्याकडे लोक नवलानें पाहतील. पाहूं द्यावें. सोमेश्वरास जें लिहून ठेवण्यासारखें वाटलें, तें टिपून घेण्यांत आम्हांस संकोच कां वाटावा?